अंदमानला मासे गरवायला जायचंय? मग आधी पाण्याखालचा कडा समजून घ्या

अंदमानचं तिकीट काढलं की आजकाल एक प्रश्न हमखास येतो. सेल्युलर जेल बघून होईल, राधानगर बीच होईल, स्कूबा होईल, आता एक दिवस फिशिंगला ठेवलाय आणि बोटवाला विचारतोय इनशोअर पाहिजे का ऑफशोअर, तर काय सांगू? यावर जो तो एकच उत्तर देतो, इनशोअर म्हणजे जवळचं आणि स्वस्तातलं, ऑफशोअर म्हणजे लांबचं आणि महागाचं, मोठा मासा हवा असेल तर लांब जा. आपल्या कोकणात हे उत्तर बऱ्यापैकी खपून जातं. अंदमानात मात्र याच उत्तरापायी लोक पैसे घालवून बसतात, कारण तिथं किती लांब गेलात याला फारशी किंमत नाही, बोटीखाली पाणी किती आहे आणि ते पाणी कुठं एकदम खोल होतं याला किंमत आहे.

आधी आपलाच समुद्र घ्या. बॉम्बे हायची तेलविहीर सगळ्यांना माहीत आहे, मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत आणि तिथं पाण्याची खोली किती, तर 75 मीटरच्या आसपास. म्हणजे रात्रभर बोट हाणली तरी पाणी तसं उथळच. आपल्या किनाऱ्याला लागून समुद्राखाली जमिनीचा जो सपाट भाग पसरलाय तो मुंबईसमोर शेकडो किलोमीटर रुंद आहे, म्हणून आपल्याकडं खोल समुद्रात जायचं म्हणजे खरोखरच लांब जावं लागतं.

अंदमानचं सगळं उलटं आहे. म्यानमारमधला आराकान योमा डोंगर समुद्रात उतरतो, पाण्याखालून दक्षिणेला सुमात्राकडं जातो, आणि त्या बुडालेल्या रांगेची जी शिखरं पाण्यावर राहिलीत ती म्हणजे अंदमान-निकोबार. सरकारी मोजणीत लहान-मोठी बेटं आणि खडक धरून 836. आता डोंगराच्या शिखरावर उभं राहिल्यावर सपाट जागा असणार ती किती? थोडीशीच, आणि मग उतार. पूर्वेकडं अंदमान समुद्राचा तळ 2 हजार मीटरच्या खाली जातो, काही ठिकाणी 4 हजारच्या घरात. दारातून पाय बाहेर टाकला की विहीर, असा तो समुद्र आहे. कित्येक बेटांच्या बाहेर तास-दोन तास बोट गेली की फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, 40 मीटर दिसत असतं, मग 70, मग 120, आणि मग तळ स्क्रीनवरून गायबच होतो.

हा जो कडा आहे ना, सगळा खेळ तिथं आहे. मासा मोकळ्या समुद्रात सगळीकडं सारखा पसरलेला नसतो. उष्ण भागातला निळाशार समुद्र फोटोत भारी दिसतो पण बराचसा उपाशी असतो, वरच्या थरात खतपाणी संपलेलं असतं म्हणून तर पाणी इतकं स्वच्छ दिसतं, आपल्या कोकणातलं हिरवट गढूळ पाणी त्यामानानं कितीतरी श्रीमंत. अशा उपाशी समुद्रात भरतीचं पाणी वाहत येऊन पाण्याखालच्या डोंगराला थडकतं तेव्हा खालचं थंड, खताचं पाणी वर ढकललं जातं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खायला बारके जीव, त्यांना खायला तारल्या-बांगड्यांसारखी छोटी मासळी, आणि तिच्या मागं मोठे. म्हणजे मोठा मासा तिथं राहतो कारण त्याचं जेवण तिथं पाण्याच्या ओढीनं आपोआप येतं.

अंदमान समुद्रात यात अजून एक भानगड आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी यांच्या मधल्या थरात लाटा उठतात, पृष्ठभागावर नाही, आत, आणि त्या 60 ते 80 मीटर उंचीच्या मोजल्या गेल्यात. जगातल्या मोठ्या अंतर्गत लाटांमध्ये त्यांची गणना होते. वरून आपल्याला काय दिसतं तर एरवी सपाट समुद्रावर मधेच खळबळणाऱ्या पाण्याचा लांबच लांब पट्टा, जसं काही उकळी आलीय, आणि तो पट्टा हळूहळू सरकत असतो. नवखा माणूस घाबरतो, तिथला तांडेल मात्र बोट त्या बाजूला वळवतो, कारण अशा पट्ट्याच्या कडेला बारीक मासळी गोळा झालेली असते आणि वर पक्षी फिरत असतात.

एवढं डोक्यात ठेवलं तर इनशोअर-ऑफशोअरचा घोळ सुटतो. अंदमानात खरं तर तीन पट्टे आहेत, खाडी आणि उथळ खडप, मग प्रवाळाचा कडा, मग खोल निळं पाणी. पहिला इनशोअर, तिसरा ऑफशोअर, आणि मधला पट्टा बोटवाले आपल्या सोयीनं कधी याच्यात घालतात कधी त्याच्यात. तुम्हाला विचारायचं असेल तर इनशोअर का ऑफशोअर हे विचारूच नका, किती पाण्यात आणि कुठल्या पद्धतीनं गरवायचं ते विचारा.

पहिल्या पट्ट्याबद्दल जास्त लिहीत नाही. पर्यटकांना संध्याकाळी तासाभरासाठी जी डोंगी मिळते, ज्यात हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, देतात, टोकाला शिसं, गरीला माशाचा नाहीतर म्हाकुलाचा तुकडा, ते हेच. छोटे गोबरे, तांबोशी, रंगीबेरंगी खडपातले मासे लागतात, पोरांना मजा येते, ज्यानं लहानपणी कोकणात धक्क्यावर बसून गरवलंय त्याला ओळखीचंच वाटेल. खारफुटीच्या खाड्यांमध्ये हलका रॉड घेऊन केलं तर काम जास्त रंगतं, तिथं जिताडा मिळतो, मुळांच्या आडोशाला बसलेली तांबोशी मिळते, आणि तांबोशी गळाला लागली की पहिल्या झटक्यात मुळांत घुसते, दोन सेकंद उशीर केलात की तंगूस गेलाच. फक्त खाडीच्या पाण्यात पाय घालू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे आणि ती गोष्टीतली नाही, 2010 साली हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्नॉर्कलिंग करणारी अमेरिकन पर्यटक मुलगी मगरीच्या हल्ल्यात गेलीय. बोटीतून गरवा, चिखलात उतरून नाही, आणि मासा साफ करून आतडी काठावर टाकत बसू नका.

आता मधला पट्टा, ज्याच्यासाठी जगभरातून लोक अंदमानात येतात. इथला राजा म्हणजे जायंट ट्रेव्हॅली, सगळे नुसतं जीटी म्हणतात. आपल्याकडं कोकर मिळतो ना, त्याच्याच खानदानातला, पण हा वाढतो किती, तर गळावर पकडलेला जागतिक विक्रम जपानमधला आहे, 2006 सालचा, जवळपास 73 किलोचा. अंदमानात 20-30 किलोचा लागला तरी माणूस वर्षभर सांगत सुटतो, आणि त्यात काही चूक नाही. चपटं कपाळ, भिंतीसारखं अंग, शेपटीच्या देठावर करवतीसारखे कडक खवले. हा कड्यावर उभा राहून शिकार करतो. प्रवाळाच्या ज्या बाजूला करंट येऊन आदळतो त्या बाजूला पाण्याला तोंड करून थांबतो, आणि ओढीनं गडबडून गेलेली मासळी आली की फोडतो.

त्याला फसवायची पद्धत म्हणजे पॉपिंग. पॉपर हे लाकडाचं नाहीतर प्लॅस्टिकचं मासोळीच्या आकाराचं आमिष, शंभर-दीडशे ग्रॅम, कधी त्याहून जड, तोंड वाटीसारखं आत गेलेलं. बोट कड्यापासून थोडी बाहेर खोल पाण्यात वाहती ठेवतात, इंजिन चालू, आणि तुम्ही पुढच्या टोकावर उभं राहून पॉपर प्रवाळाच्या पांढऱ्या फेसात फेकायचा. मग रॉड खाली आडवा धरून जोरात खेचायचा, वाटी पाणी तोडते, भॉक करून आवाज येतो, फवारा उडतो, परत सैल सोडायचं, दोरी गुंडाळायची, परत खेच. दहाव्या-बाराव्या फेकीला खांदे बोलायला लागतात. आणि कधीतरी पॉपरच्या मागं पाणी फुगतं, काळी पाठ दिसते, तुम्ही घाबरून थांबता, तिथं थांबायचं नाही हे शंभर वेळा सांगितलेलं असतं तरी थांबता, आणि मासा परत फिरतो. थांबला नाहीत तर पाणी फाटतं. रॉड हातातून जातोय का काय असं होतं, रीळ किंचाळायला लागतं, तांडेल मागून ओरडतो "बैठो, बैठो" कारण उभं राहिलात तर बोटीच्या कठड्यावरून पुढं जाल, आणि त्याच क्षणी तो बोट उलट्या दिशेनं खोल पाण्याकडं घेतो. पहिली पंधरा-वीस सेकंदं ठरवतात काय होणार ते. मासा प्रवाळाकडं पळतो, त्याला तिथपर्यंत पोचू द्यायचं नाही, पोचला की दोरी दगडावर घासून तुटलीच समजा.

आता दोरीचं गणित इथंच सांगतो, कारण दुकानदार इथंच गंडवतात. रिळावर असते ती वेणीसारखी विणलेली पीई दोरी, जाडीला बारीक आणि ताकदीला अफाट. तिच्या जाडीचा जपानी नंबर असतो, जीटीसाठी साधारण पीई 8 ते 10 वापरतात. पीई 8 ची चांगली दोरी तुटायला 80 ते 100 पाउंड, म्हणजे 36 ते 45 किलोचा ताण लागतो. रीळ किती ताण आल्यावर दोरी सोडायला लागेल ते सेटिंग म्हणजे ड्रॅग, आणि ढोबळ नियम असा की ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश ठेवायचा, म्हणजे 12 ते 15 किलो. ऐकायला कमी वाटतं, घरी जाऊन बादलीत 12 लिटर पाणी भरून रॉडच्या टोकाला बांधा आणि उचलून बघा, मग कळेल. पीई दोरीची एकच खोड, दगडाला घासली की कापसासारखी जाते, म्हणून शेवटचे दोन-तीन मीटर जाड तंगूस लावतात, त्याला लीडर म्हणायचं, आणि दोन्ही जोडणारी गाठ एफजी नॉट. ही गाठ शिकल्याशिवाय जाऊ नका, यूट्यूबवर आहे, हलत्या बोटीत बांधायला अवघड आहे म्हणून घरीच पंख्याखाली बसून हात बसवा. शिमानोची स्टेला नाहीतर दाइवाची सॉल्टिगा घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही, चांगले बोटवाले भाड्यानं सामान देतात. पहिल्या ट्रिपला लाखभर रुपयांचं रीळ घेणाऱ्या माणसाला मी तरी हात जोडतो.

भरतीचा हिशोब यातच येतो. आमचे देवगडचे काका म्हणतात, पाणी चालाक लागल्याशिवाय मासो तोंड उघडना नाय. अंदमानातही हेच. जीटीला पाणी धावतं लागतं, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण, आणि त्यातही भरती किंवा ओहोटी ऐन जोरात असतानाचे तास. उलट खोल पाण्यात तळापर्यंत सरळ खाली आमिष सोडायचं असेल, ज्याला जिगिंग म्हणतात, तर उधाणाचा करंट जीव खातो, 300 ग्रॅमचं धातूचं आमिष तळाला जायच्या आत तिरकं वाहून जातं, म्हणून त्याला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीचं पाणी, बरा. तर ट्रिपची तारीख ऑफिसच्या सुट्टीकडं बघून नको, पंचांगाकडं बघून काढा. फक्त तिथीचा आकडा पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब तिथं लावू नका, तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे, पोर्ट ब्लेअरची भरतीची वेळ वेगळी असते, तिथलं टाइडटेबल बघावं लागतं. आणि पाण्याची चढ-उतारही मुंबईपेक्षा बरीच कमी, उधाणाला दोन मीटरच्या आसपास, पण दोन बेटांच्या मधल्या अरुंद सामुद्रधुनीतून तेवढंच पाणी जायचं म्हटल्यावर ओढ नदीसारखी लागते. अजून एक, घड्याळ आपलं पण सूर्य त्यांचा. मार्चमध्ये सव्वापाच-साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला मावळतं, त्यामुळं "आठ वाजता आरामात निघू" म्हणणाऱ्या बोटवाल्याला मासेमारी समजत नाही असं खुशाल समजा.

तिसरा पट्टा, खोल पाणी. इथं तीन कामं चालतात. एक ट्रोलिंग, म्हणजे बोट सहा-आठ नॉटच्या वेगानं चालू ठेवून मागं आमिषं ओढत न्यायची. यात वाहू नावाचा मासा लागतो, सुरमई लागते, मोठे बॅराकुडा, नशिबात असेल तर सेलफिश आणि मार्लिन. खरं सांगायचं तर ट्रोलिंगमध्ये तुम्ही बसलेले असता आणि काम तांडेल करत असतो, ज्याला कड्याची रेघ पाठ आहे त्याच्या बोटीत मासा लागतो आणि ज्याला नाही त्याच्या बोटीत डिझेल जळतं. दुसरं, पक्षी शोधत फिरायचं, कुऱ्यांचा थवा पाण्यावर सूर मारताना दिसला की खाली कुपे म्हणजे ट्यूना मासळी वर ढकलत असतात, मग थव्याच्या कडेनं जाऊन आमिष फेकायचं, मधून बोट घातली की सगळं खाली जातं.

ट्यूनाबद्दल थोडं थांबतो, कारण हा मासा माशासारखा वागत नाही. बहुतेक माशांचं रक्त आजूबाजूच्या पाण्याइतकंच गार असतं. ट्यूनाच्या अंगात गरम रक्ताच्या आणि गार रक्ताच्या बारीक शिरा एकमेकींना चिकटून उलट दिशेनं वाहतात, त्यामुळं पोहताना स्नायूंत तयार झालेली उष्णता कल्ल्यांतून बाहेर जायच्या आधी परत आत वळते, म्हणून त्याचे स्नायू पाण्यापेक्षा गरम राहतात आणि गरम स्नायू जास्त जोरात आणि जास्त वेळ काम करतात. वर त्याला थांबून श्वास घेता येत नाही, पोहत राहिलं तरच कल्ल्यांतून पाणी जाणार. म्हणून यलोफिन ट्यूना लागला की तो सरळ खाली जातो आणि थांबतच नाही, बोटीखाली गोल गोल फिरतो, अर्धा तास, तास. आणि म्हणूनच त्याला सोडायचा असेल तर बोटीला धरून फोटोसेशन करू नका, तोंड पुढं करून पाण्यात भाल्यासारखा सोडा म्हणजे पाणी कल्ल्यांतून जाईल.

तिसरं काम जिगिंग. 80 ते 150 मीटर पाण्यात, कड्याच्या बरोबर उतारावर, धातूचं लांबोडं आमिष तळाला टेकवायचं आणि झटके देत वर आणायचं. लागतात काय तर मोठे गोबरे, अँबरजॅक, खोल पाण्यातले लाल स्नॅपर, आणि सगळ्यांत मस्तवाल म्हणजे डॉगटूथ ट्यूना, दात कुत्र्यासारखे, वास्तव्य कड्यावर, लागला की खडकाकडं अशी मुसंडी मारतो की माणूस हतबल होतो. त्यातून आणला वर तर मधे शार्क बसलेले असतात. अर्धा मासा हातात आणि अर्धा शार्कच्या पोटात हे इथं नेहमीचं आहे, एका जागी दोनदा शार्कनं मासा नेला की शहाणा तांडेल जागा बदलतो, नाहीतर आपण निव्वळ शार्कना जेवण वाढत राहतो.

बॅरन आयलंडचं नाव याच संदर्भात निघतं. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण 135-140 किलोमीटर, समुद्रतळापासून 2 हजार मीटरहून जास्त उठून आलेला. म्हणजे कडा बेटाच्या अंगालाच चिकटलेला, त्यामुळं तिथं खोल पाण्यातले मासे किनाऱ्याच्या हाकेवर मिळतात. पण तिथं दिवसात जाऊन-येऊन करायचा विचार करू नका, ते मुक्कामी बोटीचं, परवानग्यांचं आणि हवामानाचं काम आहे, आणि बेटावर उतरू देत नाहीत.

एक तक्रार इथंच करून टाकतो. ऑफशोअरचे पैसे घेऊन एका बोटवाल्यानं आम्हाला दिवसभर 25-30 मीटर पाण्यात फिरवलं, विचारलं तर म्हणे आज बाहेर लाट आहे. लाट असू शकते, बाहेर न जाणं शहाणपणाचंही असू शकतं, पण मग इनशोअरचा भाव घ्यायचा. म्हणून बुक करतानाच ठरवून घ्या की हवामानामुळं बाहेर जाता आलं नाही तर भाव काय, बोटीवर फिशफाइंडर आणि जीपीएस आहे का, इंजिनं दोन आहेत का एक, लाइफजॅकेट माणशी आहे का, व्हीएचएफ रेडिओ आहे का, आणि मत्स्य विभागाचं लायसन्स दाखवता का. भाडं बोटीचं असतं, माणशी नव्हे, तेव्हा चार जण जमवून गेलात तर झेपतं, पण पॉपिंगला एका वेळी दोघंच नीट फेकू शकतात हेही लक्षात ठेवा, सहा जणांत पॉपर कोणाच्या तरी कानात जाणार.

कधी जायचं? पाऊस अंदमानात आपल्या आधी येतो, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा, नोव्हेंबर 2013 मध्ये लेहर चक्रीवादळ थेट अंदमानवरून गेलं होतं, आणि डिसेंबर 2016 मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून नौदल आणि तटरक्षक दलाला बाहेर काढावे लागले. म्हणून माझं मत विचाराल तर फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. पुढं 15 एप्रिल ते 14 जून अंदमानसकट सगळ्या पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आपल्याकडं ती 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते म्हणून आपला गोंधळ होतो. त्या काळात कोणी ट्रिप विकत असेल तर त्याला कुठल्या परवानगीवर चाललाय हे विचारा.

जागांचंही तसंच. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, 1983 पासूनचं, आणि हॅवलॉकच्या पट्ट्यातलं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान, इथं मासेमारी बंद. पश्चिम किनाऱ्याचं जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्राचं पाणी बंद. उत्तर सेंटिनल बेटाभोवती 5 नॉटिकल मैल बंद, आणि तिथं तर कायद्याच्या आधी जिवाचा प्रश्न आहे, 2006 मध्ये बेटाजवळ नांगर टाकून झोपलेले दोन मच्छीमार रात्रीत बोट वाहत किनाऱ्याला लागून बेटावरच्या आदिवासींकडून मारले गेले. शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलू नका, विमानतळावर बॅगा तपासतात. आणि अमेरिकेतून-दुबईतून येणारा चुलतभाऊ सॅटेलाइटवरून मेसेज करणारं यंत्र घेऊन येतो म्हणाला तर आधीच थांबवा, भारतात ते परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकेल. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर 1554, रेंज असेल तर, नाहीतर व्हीएचएफचं 16 नंबर चॅनेल.

आता सोडायचं का खायचं. जीटी बहुतेक बोटींवर सोडतातच, आणि सोडावा, खायला तो काही सुरमई नाही. सोडायचा असेल तर तीन काट्यांचे गळ काढून एक काट्याचे लावा, काट्याचं उलटं नख पक्कडीनं दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून संरक्षण करतो. जबड्याला पकडून उभा लटकवू नका, 20 किलोचं वजन मणक्यावर येतं, एक हात पोटाखाली पाहिजे. खोल पाण्यातून आणलेल्या गोबऱ्याचं वेगळं दुखणं असतं, वर येताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे फुगतात, आणि असा मासा नुसता पाण्यात टाकला तर खाली जाऊच शकत नाही, वर तरंगत मरतो. त्याला वजन लावून परत खोल सोडायची क्लिप मिळते, ती बोटीवर आहे का विचारा. नसेल तर पोटापुरते गोबरे झाल्यावर खोलातलं जिगिंग थांबवा, सोडून दिल्याचं समाधान तिथं खोटं आहे. गोबऱ्याच्या बऱ्याच जाती आधी मादी असतात आणि मोठं झाल्यावर त्यातल्या काही नर होतात, म्हणजे खडपावरचे सगळ्यांत मोठे चार-दोन काढले की नरच संपले. आणि महाकाय गोबरा, जो माणसाहून मोठा होतो, तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, लागला तर बोटीत घ्यायचाच नाही, पाण्यातच गळ काढायचा.

मोठे खडपातले शिकारी मासे न खाण्याला अजून एक कारण आहे, ते जास्त लोकांना पटतं. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातलं एक विष छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं, सिग्वाटेरा म्हणतात त्याला, उलट्या-जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. मासा शिजवून, तळून, गोठवून हे विष जात नाही, आणि चवीत-वासात कळत नाही. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ समुद्रांत हे सगळीकडं माहीत आहे, म्हणून खडपातला मासा खायचा तर लहान-मध्यम खा, आणि मोठा खायचाच तर निळ्या पाण्यातला फिरता मासा घ्या.

कुपा घेतलात तर लागल्या लागल्या रक्त काढा आणि बर्फात घाला. त्याचं अंग गरम असतं हे वर सांगितलं, लढून लढून अजून तापलेलं असतं, ते तसंच उन्हात पडू दिलं की मांस पांढुरकं आणि आंबट होतं, आणि वर हिस्टामिन तयार होतं ते खाऊन तोंडाला लाली आणि खाज सुटते, मग लोक म्हणतात कुपा मला सोसत नाही. नुसता बर्फही नको, बर्फात समुद्राचं पाणी घालून लगदा करायचा आणि मासा त्यात पूर्ण बुडवायचा, चारही बाजूंनी गार होतो. निघायच्या आधी बोटीवरचा आइसबॉक्स उघडून बघा, बर्फ किती आहे. तळाला चार खडे असतील तर धक्क्यावरच अजून घ्यायला लावा, बाहेर गेल्यावर बर्फ मिळत नाही.